येणारे खेळयंत्र इंदापुरात उघडता येईल काय?

रमजान ईद होऊन आठवडा झाला होता. बारामतीत भिगवण चौकाच्या बाजूला मोबाईल दुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे, तेथे आम्ही चहा घेत बसलो होतो. इंदापूरहून एक गृहस्थ एस.टी.ने आले. सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा. पिशवीतून त्यांनी हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र काढले आणि काउंटरवर ठेवले. दोन वर्षांची ईदी, मामाने दिलेले पैसे आणि वडिलांनी घातलेली भर, अशा रकमेतून ते मुंबईहून आणलेले. बॅटरी फुगली होती आणि पडदा एका कडेने उचलला गेला होता. दुकानदार पोरगा हुशार आहे. गावातल्या मोबाईलची रांग त्याच्याकडे लागलेली असते. त्याने यंत्र उलटे केले, भिंगातून स्क्रू पाहिले आणि परत काउंटरवर ठेवले.

"चाचा, उघडीन मी. पण बॅटरी आत चिकटवून टाकलीय. उचकटताना भोक पडलं तर पेट घेईल. आणि नवी आणू कुठनं? कंपनीची मिळत नाही, नकली मी घालणार नाही."

चाचांनी हमीचे कार्ड काढले. त्यावर परदेशातल्या दुकानाचा शिक्का होता. मुलगा काहीच बोलला नाही, यंत्र पुन्हा पिशवीत घालू लागला.

यंत्र कोणत्या कंपनीचे होते ते येथे सांगण्याचे कारण नाही. बहुतेक कंपन्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच आहे. व्यापाराच्या पानावर मुलांच्या खेळण्याची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण बारामती आणि इंदापूर या दोन्ही बाजारांत मोबाईल विक्री आणि दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातले किती तरुण आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. शेती नाही, मोठे भांडवल नाही; सोल्डरिंगची कांडी, हवेची गन आणि मल्टिमीटर एवढ्या सामानावर ही पोरे घर चालवतात. मोबाईलमधला नफा दिवसेंदिवस पातळ होत चालला आहे. अशा वेळी हातातल्या व्हिडिओ गेमचा नवा धंदा दारात येतो आहे. तो आपल्या गल्ल्यात काही टाकणार, की फक्त दारावरून जाणार, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी थोडे मागे जाऊ. 1990 च्या दशकात आपल्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा 'ब्रिक गेम' आला. करड्या पडद्यावर काळे चौकोन खाली पडायचे. डब्यावर 9999 खेळ असल्याचे छापलेले असे, प्रत्यक्षात त्याच पाच-दहा खेळांची उलटसुलट आवृत्ती. तरीही इंदापूरच्या चाँदशाहवली दर्ग्याच्या उरुसातल्या दुकानांपासून आठवडे बाजारातल्या पथारीपर्यंत तो विकला गेला. कारण साधे होते. सेल संपले तर किराणा दुकानात मिळत, आणि बटण बसले तर चार स्क्रू काढून रबराखालचा कोळशाचा ठिपका पुसला की काम व्हायचे. ते काम घड्याळजीही करी.

हा ब्रिक गेम ज्याची नक्कल होता, तो जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'गेम बॉय' एप्रिल 1989 मध्ये बाजारात आला होता. निन्टेंडोची सुरुवात 1889 सालची, क्योटो शहरात, आणि धंदा पत्ते बनवण्याचा! ('पत्ते' म्हटल्यावर आमच्या काही बुजुर्ग वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्या विषयाकडे आम्ही पुढे येणारच आहोत.) या कंपनीत 1965 साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीला लागला. काम काय, तर पत्ते तयार करणारी यंत्रे चालू ठेवण्याचे, म्हणजे देखभाल-दुरुस्तीचे. पुढे याच माणसाने गेम बॉय घडवला. त्याचे सूत्र असे होते की, अगदी नवे आणि महाग तंत्र घेऊ नये. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीने 1990 मध्ये रंगीत पडद्याचे यंत्र काढले. ते सहा सेल खाई आणि तीन-चार तासांत बसे. गेम बॉयचा पडदा रंगहीन आणि मिणमिणता, पण चार सेलवर दहा-पंधरा तास चाले. शेवटी बाजार त्यानेच मारला. रंगीत आवृत्ती धरून जवळपास 11 कोटी 87 लाख नग खपले. 1991 च्या आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेम बॉय पुढे अनेक वर्षे न्यूयॉर्कच्या निन्टेंडो दुकानात चालू अवस्थेत मांडून ठेवलेला होता. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने बनवलेली वस्तू अशी असते, असे आम्हांस वाटते.

आता आजचे पाहू. त्याच कंपनीने मार्च 2017 मध्ये 'स्विच' हे यंत्र काढले. ते हातात धरून खेळता येते आणि टी.व्ही.लाही जोडता येते. जगभरात त्याचे 15 कोटींहून अधिक नग गेले. 5 जून 2025 रोजी त्याची पुढची पिढी 'स्विच 2' आली आणि पहिल्या चार दिवसांत 35 लाखांवर नग विकले गेले. त्याच वर्षी सिंगापूर, मलेशिया, थायलंड आणि फिलिपिन्स या देशांत ते रीतसर विक्रीला आले. एकशेचाळीस कोटींच्या आपल्या देशात मात्र रीतसर आले नाही. म्हणजे वस्तू येथे मिळाली नाही असे नव्हे. मुंबईच्या बाजारात ती होती, दुबईहून येणाऱ्यांच्या बॅगेतही होती. पण कंपनीची हमी नाही, सेवा केंद्र नाही, आणि खेळ विकत घेण्यासाठी खाते उघडायचे तर दुसऱ्याच देशाचे नाव लिहावे लागे. यंत्राच्या भाषांच्या यादीत जपानी, कोरियन, डच, रशियन सगळे आहे. हिंदी नाही, मग मराठी-उर्दूचे काय सांगावे? विशेष म्हणजे 2008 मध्ये हीच कंपनी आपल्या देशात रीतसर वितरक नेमून आली होती आणि पुढे काही वर्षांत तो कारभार आटोपला.

किमतीचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे मांडून पाहू. स्विच 2 ची अमेरिकेतली किंमत ते बाजारात आले तेव्हा 450 डॉलर होती, म्हणजे जून 2025 च्या दराने साडेअडतीस हजार रुपयांच्या आसपास. व्हिडिओ गेमच्या यंत्रावरील आयात कर 2018 च्या अर्थसंकल्पात 10 वरून 20 टक्के झाला. त्या दराने कर, त्यावरील अधिभार आणि मग 18 टक्के जी.एस.टी. धरला, तर आकडा पंचावन्न हजारांच्या पुढे जातो, आणि यात आपल्या दुकानदाराचा एक रुपयाही नफा धरलेला नाही. (जी.एस.टी. आधी 28 टक्के होता, 1 जानेवारी 2019 पासून तो 18 झाला, एवढा दिलासा.) दुसऱ्या कंपन्यांनी भारतात रीतसर माल आणला, तो आणखी वरच्या पायरीचा. असूसचे हातातले यंत्र 2023 मध्ये 69,990 रुपयांना आले. एवढ्या पैशांत इंदापूर तालुक्यात जुनी मोटारसायकल येते आणि तिच्यावर दुधाचे कॅन बांधून रोजी कमावता येते. बाप कोणती वस्तू घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून आमची पहिली अपेक्षा वेगाची नाही, पडद्याच्या चकाकीची तर नाहीच. जाहिराती पाहाल तर पुढच्या पिढीचे यंत्र म्हणजे आणखी बारीक चित्र, आणखी मोठी मेमरी. आमच्या बाजारपेठेला हवे आहे ते मुरलेले तंत्र, योकोईच्या शब्दांत नसले तरी त्याच्या अर्थाने. पंधरा हजारांच्या आत बसणारे, मोबाईलच्या साध्या चार्जरवर चालणारे, इंटरनेट नसतानाही खेळता येणारे आणि उघडता येणारे यंत्र.

उघडता येणारे, यावर आम्ही एवढा भर का देतो, ते सांगण्यासाठी परदेशी उदाहरण नको. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त पियाजिओ कंपनीचा कारखाना 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून 'आपे' ही तीनचाकी बनवतो. कंपनी इटलीची. पण आपे आज पळसदेव, निमगाव, लासुर्णे, बावडा कुठेही बंद पडली, तर पाच-दहा किलोमीटरच्या आत तिचे इंजिन खोलणारा मिस्त्री सापडतो. क्लच केबल, ब्रेक शू हे सुटे भाग टपरीवजा दुकानातही टांगलेले असतात. गाडी विकून कंपनीने कमावले, सुटे भाग विकून दुकानदाराने कमावले, मिस्त्रीने मजुरी कमावली, आणि गाडी चालू राहिली म्हणून मालकाने हप्ते फेडले. मिस्त्रीला खोलता येते म्हणूनच गिऱ्हाईक बिनधास्त कर्ज काढून आपे घेते. हे साधे गणित इटलीच्या कंपनीला बारामतीत येऊन कळले. खेळयंत्राच्या कंपन्यांना कळू नये?

आता त्या यंत्रांच्या आत काय आहे ते पाहा. स्विचच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या लहान दांड्या असतात. दांडीखाली कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावर धातूची पट्टी घासत फिरते. थर झिजला की हात न लावताही खेळातला माणूस आपोआप एका बाजूला चालू लागतो. या दोषावरून अमेरिकेत 2019 पासून खटले झाले, जून 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि 2023 मध्ये युरोपात हमी संपल्यावरही हा दोष फुकट दुरुस्त करून देण्याचे कंपनीने मान्य केले. यावर उपाय नाही काय? आहे. चुंबकाने ओळखणारा हॉल सेन्सर वापरला तर घासाघीसच होत नाही. विजेच्या स्कूटरच्या मुठीत तो सर्रास असतो; आपल्या पोरांना तो बदलताही येतो. सेगाच्या एका यंत्राच्या हँडलमध्ये तो 1998 सालीच होता. तरीही 2025 च्या नव्या पिढीत निन्टेंडोने तो घातला नाही. बॅटरी भक्कम डिंकाने चिकटवलेली, स्क्रू तीन पात्यांचे, खेळाचे कार्ड वाचणारा भाग मुख्य पट्टीवरच डाग दिलेला. यंत्रे खोलून दुरुस्तीयोग्यतेचे गुण देणाऱ्या अमेरिकेतल्या आयफिक्सिटने स्विच 2 ला दहापैकी तीन गुण दिले. दहापैकी तीन म्हणजे आमच्या शाळेत नापास.

आशा मुळीच नाही असे नव्हे. युरोपीय संघाच्या बॅटरीविषयक कायद्यानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या हातातल्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला साध्या अवजाराने स्वतः काढता-घालता आली पाहिजे. एवढा मोठा बाजार कोणी सोडणार नाही, त्यामुळे यंत्राची रचना बदलावी लागेल. आमचे म्हणणे एवढेच की, युरोपसाठी बदललेली रचना आपल्याकडेही यावी. तिकडे स्क्रूचे झाकण आणि इकडे डिंक, असा दुजाभाव नको. आपल्या सरकारनेही 24 डिसेंबर 2022 रोजी 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर पोर्टल सुरू केले, आणि 2024 मध्ये दुरुस्तीयोग्यतेचे गुण ठरवण्यासाठी समिती नेमली. हे गुण मोबाईलच्या डब्यावर छापले जावेत ही मागणी रास्त आहे. खेळयंत्राच्या डब्यावरही ते छापले जावेत. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकापेक्षा इंदापूरच्या गिऱ्हाइकाला त्या गुणांची गरज जास्त आहे. त्याला सेवा केंद्र गाठायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

येथवर कंपन्यांना बोललो. आता घरचा हिशेब. आपल्याच बाजारांत बिनपावतीची यंत्रे 'इंटरनॅशनल वॉरंटी' असे सांगून विकली जातात. इंटरनॅशनल म्हणजे कुठल्या राष्ट्रातली, हे गिऱ्हाइकाने विचारायचे नाही. व्हिडिओ गेमच्या यंत्रांना 2012 च्या आदेशाने भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची केली आहे. हा शिक्का नसलेला माल दुकानात ठेवणे धोक्याचे आहे, हे किती दुकानदारांना माहीत आहे? जुन्या यंत्राचे तर विचारूच नका. कॉपी केलेले खेळ चालवलेले यंत्र कंपनी दुरूनच ऑनलाइन सेवेतून कायमचे बाद करू शकते. असे बाद झालेले यंत्र पुसूनपासून चांगल्या भावाने गळ्यात मारले जाते आणि घरी गेल्यावर गिऱ्हाइकाला कळते. मालातला ऐब सांगून मगच सौदा करावा, ही आपल्या दीनची शिकवण शुक्रवारच्या बयानात ऐकायची आणि शनिवारी शटर उघडताना विसरायची, असे चालणार नाही. डिंकाने बॅटरी चिकटवून ते न सांगणारी कंपनी आणि बाद यंत्र न सांगता विकणारा दुकानदार यांच्यात आम्हांला रकमेपलीकडे फरक दिसत नाही.

जुन्या मालाच्या धंद्यावर आणखी एक संकट आहे, त्याकडे आपल्या व्यापाऱ्यांचे अजून लक्ष गेलेले नाही. पूर्वी खेळ कार्डात असे. एकाचे खेळून झाले की दुसऱ्याला अर्ध्या किमतीत देता येई. भावाभावांत, मोहल्ल्यात एकच कार्ड फिरे. आता काही कार्डांत खेळच नसतो, फक्त किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. उद्या कंपनीने तो पुरवठा बंद केला, तर हातात प्लास्टिकचा तुकडा. आणि जेथे कार्डच नाही, सगळे खात्यावर, तेथे विकायला काहीच उरत नाही. घेतलेली वस्तू आपली नसेल, तर त्याला खरेदी म्हणावे की भाडे? आमच्या मते पुढच्या पिढीत पूर्ण खेळ कार्डातच यावा. बिगरइंटरनेट घरांसाठी तर दुसरा मार्गच नाही. उजनीच्या फुगवट्याकडेच्या वस्त्यांवर आजही मोबाईलची रेंज शोधत लोक बांधावर जातात.

आता पत्त्यांचा तो राहिलेला विषय. मुलांच्या हाती खेळ द्यावाच कशाला, हा बुजुर्गांचा प्रश्न आम्ही टाळत नाही. अभ्यास, नमाज, मैदान यांचा वेळ खाणारी वस्तू जपूनच घ्यावी. पण मुलाच्या हाती सध्या काय आहे ते पाहा. आईचा मोबाईल आहे. त्यातला खेळ 'फुकट' असतो आणि मग पेटी उघडायला पैसे मागतो. पेटीत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने 2018 मध्ये या पेट्या जुगार ठरवून बंद केल्या. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते बरेच झाले. तालुक्यातली काही घरे त्या नादाने कर्जात गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्या मानाने एकदाच पैसे देऊन घेतलेला, आई-वडिलांना वेळेची मर्यादा घालता येणारा, पेटी-चिठ्ठी नसलेला खेळ आम्हांला कमी धोक्याचा वाटतो. मात्र 'पेटी नाही' हे कंपनीने डब्यावर लिहून द्यावे. बारामतीतच फेरेरोच्या कारखान्यात किंडर जॉय तयार होते. त्या अंड्यात कोणते खेळणे निघेल ते मुलाला माहीत नसते, पण पैसे दिल्यावर खेळणे आणि चॉकलेट निघते एवढे नक्की असते. मोबाईलच्या पेटीत तेही नक्की नाही.

खेळ आपले असावेत ही अपेक्षा फार मोठी आहे, तरी नोंदवून ठेवतो. 2009 मध्ये हैदराबादच्या एका संस्थेने सोनीच्या पी.एस.पी. या हातातल्या यंत्रासाठी विटीदांडू आणि कबड्डीचा खेळ केला होता. म्हणजे जमते. नंतर सोनीने त्या यंत्राचा धंदाच गुंडाळला आणि ते खेळही गेले.

यात आपल्या बाजूने काय करता येईल, ते भिगवण चौकातल्या त्या पोराने आम्हांला सांगितले. तो आणि इंदापूरचे दोघे मिळून तीन पात्यांच्या स्क्रूचे पेचकस आणि हॉल सेन्सरच्या दांड्या घाऊक मागवणार आहेत. एकट्याने मागवले तर परवडत नाही. प्रत्येक यंत्र घेताना ते गिऱ्हाइकाला लिहून देणार आहेत की कोणता भाग कंपनीचा, कोणता बाहेरचा. बॅटरी मात्र अजून अडली आहे. खात्रीचा पुरवठादार मिळेपर्यंत ते काम घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. इंदापूरच्या त्या मुलाचे यंत्र फुगलेली बॅटरी तशीच ठेवून घरात ठेवू नका, एवढे त्याने चाचांना बजावून सांगितले होते. चाचांनी ते दुकानातच सोडले. काउंटरखालच्या वाळूच्या डब्यात ते आजही पडून आहे, आणि मुलगा दर पंधरवड्याला कोणाच्या तरी मोबाईलवरून फोन करून विचारतो, "बॅटरी आली का?"